खुर्चीवर न्यायाधीश, निकाल मात्र सभागृहाचा

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला, आणि आमच्यातल्या एकीनं मोबाईल पुढं केला. त्यात अमेरिकेतला एक जुना व्हिडिओ होता. भलं मोठं सभागृह, उंचावर खुर्ची, खुर्चीत काळा झगा घातलेला एक शांत माणूस. कुणी तरी चिठ्ठी आणून देतं, तो ती वाचतो, बाजूला ठेवतो, पुढची घेतो. ती म्हणाली, "ताई, हे त्यांच्या देशातले सगळ्यात मोठे न्यायाधीश म्हणे. खटला राष्ट्राध्यक्षावर चाललाय. मग हे नुसत्या चिठ्ठ्या काय वाचताहेत? निकाल का देत नाहीत?"

तिला हा प्रश्न का पडला ते मला लगेच कळलं. दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या एका सभेच्या वेळी ती आणि मी कार्यालयाच्या दारात शेजारी शेजारी उभ्या होतो. त्या सभेचं नंतर सांगते. आधी अमेरिकेचं बघू.

महाभियोग हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. मोठ्या पदावरच्या माणसानं पदाचा गंभीर गैरवापर केला, तर त्याला पदावरून काढण्यासाठी जी कारवाई होते ती महाभियोग. अमेरिकेत तिचे दोन टप्पे आहेत. त्यांच्या संसदेला काँग्रेस म्हणतात आणि तिला दोन सभागृहं आहेत. प्रतिनिधिगृह साध्या बहुमतानं आरोप ठेवतं. म्हणजे 'महाभियोग झाला' अशी बातमी आली, की समजायचं, नुसतं आरोपपत्र दाखल झालंय, माणूस अजून खुर्चीवरच आहे. पुढचा खटला सिनेटमध्ये चालतो. सिनेटमध्ये आज शंभर सदस्य आहेत. हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांनी 'दोषी' म्हटलं तरच राष्ट्राध्यक्ष घरी जातो. सगळे हजर असले तर सदुसष्ट मतं लागतात. शिक्षा म्हणाल तर पद जातं, आणि पुन्हा असं पद मिळू नये अशी बंदी सिनेटला घालता येते. तुरुंग वगैरे या खटल्यात नाही. त्यासाठी नेहमीचं कोर्ट वेगळं.

आता यात सरन्यायाधीश आले कुठून? सिनेटच्या अध्यक्षपदी एरवी उपराष्ट्राध्यक्ष असतात. राष्ट्राध्यक्ष दोषी ठरला तर त्याच्या जागी कोण बसणार? उपराष्ट्राध्यक्षच. घराची वाटणी करायला ज्याला सगळ्यात मोठा वाटा मिळणार त्यालाच पंच म्हणून बसवलं तर कसं होईल, तसं ते झालं असतं. म्हणून राज्यघटना लिहिणाऱ्यांनी एका ओळीत लिहून ठेवलं, की राष्ट्राध्यक्षावर खटला असेल तेव्हा सरन्यायाधीशांनी अध्यक्षस्थानी बसावं. इतर कुणाच्या खटल्यात ते येत नाहीत, आणि राज्यघटनेत या कामाबद्दल याहून जास्त काही लिहिलेलं नाही. त्याच कलमात दुसरी गोष्ट मात्र ठळक लिहिली आहे. महाभियोगाचा खटला चालवायचा अधिकार फक्त सिनेटचा. अध्यक्षस्थानी बसणाऱ्याचा नाही, सुप्रीम कोर्टाचाही नाही.

म्हणजे सरन्यायाधीश तिथं काय करतात? आधी स्वतः शपथ घेतात, मग सगळ्या सिनेटरांना शपथ देतात. सभा शिस्तीत चालवतात. दोन्ही बाजूंच्या वकिलांना वेळ देतात. सिनेटरांनी खटल्यात मधेच उठून बोलायचं नसतं, त्यांनी प्रश्न लिहून द्यायचे, आणि ते सरन्यायाधीशांनी वाचायचे. व्हिडिओतल्या चिठ्ठ्या त्याच. एखादा पुरावा घ्यायचा की नाही असा वाद निघाला तर ते आपला निर्णय सांगू शकतात. पण एकाही सिनेटरनं 'मतदान घ्या' म्हटलं, तर मतदान होतं आणि साध्या बहुमतानं तो निर्णय फिरवता येतो. कोर्टात न्यायाधीश 'हरकत फेटाळली' म्हणाले की समोरचे वकील गप्प बसतात. इथं न्यायाधीश म्हणाले तरी समोरचे शंभर जण त्यांना 'नाही' म्हणू शकतात.

असे खटले आजवर चारच झाले आणि त्यातल्या तीन वेळा सरन्यायाधीश खुर्चीवर होते. पहिला १८६८ सालचा. तो मला फार आवडतो, कारण त्यात अगदी आपल्या गावकीसारखी नाती गुंतलेली आहेत.

अब्राहम लिंकन यांचा खून झाल्यावर त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. काँग्रेसशी त्यांचं पटेना. त्यांनी आपले युद्धमंत्री स्टँटन यांना काढलं. सिनेटला न विचारता असं काढता येणार नाही असा कायदा काँग्रेसनं नुकताच केला होता. झालं, महाभियोग आला. सरन्यायाधीश होते सॅल्मन चेस. बघायला इतकी गर्दी, की सिनेटच्या सज्जात बसायला तिकिटं छापावी लागली.

आता नाती बघा. जॉन्सन हे उपराष्ट्राध्यक्षपदावरून वर चढलेले, त्यामुळं ती जागा रिकामीच होती. जॉन्सन गेले असते तर त्या वेळच्या कायद्यानं सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड राष्ट्राध्यक्ष झाले असते. तेच वेड तिथं मतदार म्हणून बसले होते आणि त्यांनी 'दोषी' असं मत दिलं. जॉन्सन यांचे जावई डेव्हिड पॅटरसन सिनेटर होते, त्यांनी 'निर्दोष' म्हटलं. खुर्चीवरच्या चेस यांचे जावई विल्यम स्प्रेग हेही सिनेटर, त्यांनी 'दोषी' म्हटलं. आणि खुद्द चेस यांना राष्ट्राध्यक्ष व्हायची इच्छा होती, त्याच वर्षी त्यांनी उमेदवारीसाठी खटपटही केली. कुठल्याही कोर्टात यांतल्या एकालाही बसू दिलं नसतं. इथं सगळे बसले, कारण सिनेट म्हणजे लोकांनी पाठवलेल्या माणसांचं सभागृह आहे. न्यायाधीश आणून बसवला म्हणून त्याचं कोर्ट होत नाही.

चेस यांना मात्र आपण सरन्यायाधीश आहोत, नुसते सभापती नाही, असं वाटायचं. एका साक्षीवरून वाद निघाला तेव्हा त्यांनी सरळ आपला निर्णय दिला. काही सिनेटर चिडले. हे ठरवणारे तुम्ही कोण? आत जाऊन चर्चा करावी का यावर मतदान झालं आणि मतं पडली पंचवीस आणि पंचवीस. चेस यांनी आपलं मत टाकलं आणि कोंडी फोडली. तुम्हाला मतच नाही, असा ठराव चार्ल्स समनर या सिनेटरनं आणला, पण तो पडला. पुढं चेस यांनी आणखी एकदा असं मत दिलं. या वादात नियम असा केला, की अध्यक्षांनी आधी निर्णय द्यावा, आणि कुणा सिनेटरनं मागितलं तर त्यावर मतदान घ्यावं. तोच नियम थोड्या फरकानं आजही आहे.

त्या नियमाचा फटका चेस यांनाच बसला. जॉन्सन यांच्या मंत्र्यांनी त्यांना काय सल्ला दिला होता हे सांगणारी साक्ष घ्यावी, असं चेस म्हणाले. जॉन्सन यांच्या बचावासाठी ती महत्त्वाची होती. सिनेटनं मतदान करून ती साक्ष नाकारली. देशाचा सरन्यायाधीश समोर बसलाय, हा पुरावा कायद्यानं चालतो म्हणतोय, आणि सभागृह म्हणतंय आम्हाला नको. चेस यांना ऐकून घ्यावं लागलं.

शेवटी पस्तीस जणांनी 'दोषी' म्हटलं, एकोणीस जणांनी 'निर्दोष'. छत्तीस हवे होते. एका मतानं जॉन्सन यांची खुर्ची वाचली, ती वाचवण्यात त्यांच्या विरोधी पक्षाच्या सात सिनेटरांचा हात होता. चेस यांनी एकेका सिनेटरचं नाव पुकारून मत विचारलं आणि आकडा जाहीर केला, एवढंच.

दुसरा खटला एकशे तीस वर्षांनी, १९९९ मध्ये, बिल क्लिंटन यांचा. खुर्चीवर विल्यम रेनक्विस्ट. यांच्या काळ्या झग्याच्या बाह्यांवर सोनेरी पट्टे होते. एका जुन्या इंग्रजी संगीत नाटकातल्या न्यायाधीशाचा पोशाख त्यांना आवडला, म्हणून त्यांनी स्वतःच ते लावून घेतले होते. सरन्यायाधीशालाही हौस असते बरं का. पण या विषयातला त्यांच्याएवढा जाणकार दुसरा नव्हता. जुन्या महाभियोगांवर त्यांनी आधीच पुस्तक लिहिलं होतं. शिवाय १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं एक प्रकरण आलं. महाभियोगानं पद गेलेला एक न्यायाधीश म्हणत होता, माझा खटला सिनेटनं नीट चालवला नाही, सगळ्या सिनेटरांनी साक्षी ऐकल्याच नाहीत, समितीवर काम ढकललं. कोर्टानं सांगितलं, सिनेटनं खटला कसा चालवावा यात आम्ही पडणार नाही, तो अधिकार फक्त सिनेटचा. तो निकाल रेनक्विस्ट यांनीच लिहिला होता. सहा वर्षांनी त्याच सिनेटच्या खुर्चीवर बसायची वेळ त्यांच्यावर आली, तेव्हा आपला हात कुठपर्यंत पोचतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचा एक निर्णय मात्र सांगण्यासारखा आहे. आरोप करणाऱ्या बाजूचे लोक सिनेटरांना 'ज्युरी' म्हणत होते. ज्युरी म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेली सामान्य माणसं. आपल्याकडे आता ती पद्धत नाही, पण मुंबईच्या नानावटी खटल्यात १९५९ साली ज्युरी होती, त्यावरच्या सिनेमामुळं काहींना आठवत असेल. तर टॉम हार्किन या सिनेटरनं हरकत घेतली, आम्हाला ज्युरी म्हणू नका. रेनक्विस्ट यांनी हरकत मान्य केली. सिनेट म्हणजे नुसती ज्युरी नव्हे, ती स्वतःच न्यायालय आहे, असं त्यांनी सांगितलं. साध्या कोर्टात कायद्याचं न्यायाधीश बघतो, खरं-खोटं ज्युरी बघते. इथं दोन्ही कामं सिनेटरांचीच. मला वाटतं, खुर्चीवर बसलेल्या माणसानं स्वतःचा अधिकार इतक्या स्पष्टपणे दुसऱ्याच्या हाती ठेवल्याचं उदाहरण क्वचितच सापडेल. क्लिंटन सुटले. एका आरोपावर पंचेचाळीस मतं त्यांच्या विरुद्ध, दुसऱ्यावर पन्नास. सदुसष्टच्या जवळपासही नाही. आपल्याला तिथं फारसं काही करावं लागलं नाही, असं रेनक्विस्ट पुढं चेष्टेनं म्हणायचे.

आता त्या मोबाईलमधल्या खटल्याकडे येऊ. जानेवारी २०२०, डोनाल्ड ट्रम्प यांचा पहिला खटला, आणि खुर्चीवर जॉन रॉबर्ट्स. सुप्रीम कोर्टाचं काम चालू असेल त्या दिवशी सकाळी ते कोर्टात बसायचे आणि दुपारी सिनेटमध्ये. सिनेटरांना आत मोबाईल न्यायला बंदी, आणि जागेवर प्यायला फक्त पाणी किंवा दूध. हे वाचून मला हसू आलं. आपल्या ग्रामसभेत हा नियम आणला तर चहाशिवाय किती जणी टिकतील?

पहिल्याच दिवशी काम मध्यरात्र उलटेपर्यंत चाललं आणि दोन्ही बाजू हातघाईवर आल्या. रॉबर्ट्स यांनी दोघांनाही सारखंच सुनावलं, की आपण कुठं बोलतोय याचं भान ठेवा. १९०५ सालच्या एका खटल्यात किरकोळ कज्जेदलाली अशा अर्थाच्या शब्दालाही सिनेटरनं हरकत घेतली होती, हा दाखला त्यांनी दिला. भाषेला लगाम घालणं हे त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी केलं. नंतर रँड पॉल या सिनेटरनं दिलेली एक चिठ्ठी त्यांनी वाचायला नकार दिला. गुप्तपणे तक्रार करणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जात होतं, त्या माणसाचं नाव तीत होतं. पॉल बाहेर गेले आणि पत्रकारांना तो प्रश्न वाचून दाखवला. खुर्चीची सत्ता सभागृहाच्या दारापर्यंतच.

एक चिठ्ठी मात्र त्यांना वाचावीच लागली. एलिझाबेथ वॉरन या सिनेटर बाईंनी विचारलं होतं, साक्षीदार आणि पुरावे घ्यायलाच सिनेट तयार नाही, अशा खटल्यावर सरन्यायाधीश बसलेत, यामुळं खुद्द सरन्यायाधीशांवरचा, कोर्टावरचा आणि राज्यघटनेवरचा लोकांचा विश्वास कमी होत नाही का? स्वतःबद्दलचा प्रश्न त्यांनी स्वतःच मोठ्यानं वाचला. चेहऱ्यावर फारसं काही दिसलं नाही, पण ते क्षण त्यांना सोपे गेले नसणार.

खरा प्रश्न होता साक्षीदार बोलवायचे की नाही हा. मतं पन्नास-पन्नास पडली तर रॉबर्ट्स कोंडी फोडतील का, अशी कितीतरी दिवस चर्चा चालली होती. ३१ जानेवारीला मतदान झालं. बोलवा म्हणणारे एकोणपन्नास, नको म्हणणारे एक्कावन्न. कोंडी झालीच नाही. तरी चक शूमर या सिनेटरनं उभं राहून विचारलं, पुढं बरोबरी झाली तर तुम्ही मत द्याल का? दीडशे वर्षांपूर्वी चेस यांनी दोनदा दिलं होतं याची आठवणही करून दिली. रॉबर्ट्स नाही म्हणाले. मी निवडून आलेलो नाही, सरकारच्या वेगळ्या शाखेतून आलोय, माझ्या मतानं निकाल बदलणं योग्य होणार नाही, आणि ती दोन मतं मला पुरेसा आधार वाटत नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता.

यावर दोन मतं आहेत. साक्षीदाराशिवाय खटला कसला, देशाच्या मोठ्या न्यायाधीशानं निदान तेवढं तरी करायला हवं होतं, असं म्हणणारे पुष्कळ. मलाही ते व्हिडिओ बघताना तसंच वाटलं होतं. पण उलटं धरून बघा. ज्याला कुणी निवडून दिलं नाही आणि कुणी पाच वर्षांनी घरीही पाठवू शकत नाही, अशा एका माणसाच्या मतावर राष्ट्राध्यक्षाचा खटला वळला असता, तर हरलेल्या बाजूनं तो निकाल कधी मानला असता का? मला वाटतं रॉबर्ट्स बरोबर होते. तुमचं मत वेगळं असलं तर कळवा. ट्रम्प दोन्ही आरोपांतून सुटले.

२०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावर पुन्हा महाभियोग झाला. सिनेटमध्ये खटला उभा राहीपर्यंत त्यांची मुदत संपली होती. राज्यघटनेतली ओळ राष्ट्राध्यक्षांपुरती आहे आणि हे तर माजी झालेले, म्हणून या वेळी सरन्यायाधीश नव्हते. सिनेटचे हंगामी अध्यक्ष पॅट्रिक लेही खुर्चीवर बसले, आणि सिनेटर असल्यामुळं त्यांनी मतही दिलं. सत्तावन्न विरुद्ध त्रेचाळीस. दहा मतं कमी पडली.

खुर्चीवरच्या न्यायाधीशाच्या हाती काहीच नसतं असं मात्र समजू नका. ब्राझीलमध्येही ही पद्धत आहे. तिथल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष डिल्मा रुसेफ यांना २०१६ मध्ये सिनेटनं एकसष्ट विरुद्ध वीस मतांनी काढलं. पण अध्यक्षस्थानी असलेले सुप्रीम कोर्टाचे प्रमुख लेवान्डोव्स्की यांनी एक करू दिलं. पद काढायचं का आणि पुढं पदं घ्यायला बंदी घालायची का, ही दोन मतदानं त्यांनी वेगवेगळी होऊ दिली. दुसऱ्यात बंदीसाठी चोपन्न मतं हवी होती, पडली बेचाळीस. रुसेफ यांचं पद गेलं, पण हक्क राहिले आणि दोन वर्षांनी त्यांनी निवडणूकही लढवली. मत एकही न देता, नुसतं मतदान कसं घ्यायचं एवढ्यानं केवढा फरक पडला.

आपल्या देशात राष्ट्रपतींवर महाभियोगाची तरतूद राज्यघटनेच्या ६१व्या कलमात आहे. तिथं सरन्यायाधीश कुठंच नाहीत. संसदेचं एक सभागृह आरोप ठेवतं, दुसरं चौकशी करतं, आणि दोन्हीकडं एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात. आजवर ही वेळ आलेली नाही.

आता आमची ती सभा. सरपंच बाईंवर अविश्वास ठराव आला होता. कायद्याप्रमाणं अशी विशेष सभा तहसीलदार बोलावतात आणि तेच अध्यक्षस्थानी असतात. ठरावावर सरपंचालाही बोलायचा आणि मत द्यायचा हक्क असतो. आमच्या बाई बोलल्या, चांगलं बोलल्या. आरोप खोटे आहेत हे कागद दाखवून सांगितलं, नोटीस नीट मिळाली नाही हेही सांगितलं. आम्ही दारातून बघत होतो आणि आमच्या सगळ्यांच्या नजरा साहेबांवर. एवढा शिकलेला अधिकारी आहे, कागद बघितलेत, आता म्हणेल, ठराव खोटा आहे, चालणार नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मतदान घेतलं. आरोप खरे की खोटे हे ठरवायला मी आलेलो नाही, सभा नीट व्हावी आणि मतं नीट मोजली जावीत यासाठी आलोय, असं म्हणाले. ठराव मंजूर झाला.

आम्ही साहेबांनाच दोष दिला. गटातल्या बायका निवेदन घेऊन तहसील कचेरीत गेल्या. साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग सह्या गोळा करून तिसऱ्यांदा. निर्णय बदला, एवढंच आमचं मागणं, आणि ज्याच्याकडं मागत होतो त्यानं निर्णय दिलेलाच नव्हता. अविश्वास ठराव कायदेशीर नाही असं सरपंचाला वाटत असेल, तर ठराव झाल्यापासून सात दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडं तक्रार करायची असते. नोटिशीचा मुद्दा तिथं मांडता आला असता. हे आम्हाला एका वकील बाईंनी सांगितलं, पण आठवडा उलटून गेल्यावर. सातव्या दिवशी दुपारी आम्ही अकरा जणी तहसील कचेरीच्या पायरीवर बसलो होतो, साहेब जेवून परत यायची वाट बघत.